छोट्या नाट्यगृहासाठी लाइट्स – कुठले घ्यायचे आणि टिकवायचे कसे?

विंगेतला
नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची हौशी नाट्यसंस्था आहे. वाचनालयाच्या वरचा हॉल आम्हाला आता कायमचा वापरायला मिळालाय, तिथे शंभर-सव्वाशे खुर्च्यांचं छोटं नाट्यगृह करायचं ठरलंय. स्टेज २४ फूट रुंद, १८ फूट खोल, जमिनीपासून अडीच फूट वर. छत मात्र फारच खाली आहे, त्यामुळे लाइटचा बार हॉलच्या जमिनीपासून १४ फुटांच्या वर जाणारच नाही. एका जुन्या कंत्राटदाराने सहा पीसी स्पॉट (एका बाजूने फुगीर भिंगाचे), चार पार ६४ (डब्यासारखे दिवे) आणि सहा चॅनेलचा डिमर (उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) संस्थेला देऊन टाकलाय, सगळं हॅलोजन, हजार हजार वॉटचं. पहिल्या टप्प्यात लाइटसाठी दोन-अडीच लाख जमतील असं दिसतंय. दुकानदाराने कोटेशन दिलंय त्यात आठ आरजीबी (लाल-हिरवा-निळा) एलईडी पार, चार मूव्हिंग हेड (मोटरने आपोआप फिरणारे दिवे), एक लेझर आणि धुराचं मशीन आहे. आम्ही करतो राज्य नाट्य स्पर्धेचं नाटक, एकांकिका, उन्हाळ्यात बालनाट्य आणि अधूनमधून संगीत नाटकातले प्रवेश. तर हे कोटेशन आमच्या कामाचं आहे का, नसेल तर काय घ्यावं, आणि समुद्र जवळ असल्याने सगळं गंजतं, ते कसं सांभाळावं? जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज.

डिमरकाका
आधी अभिनंदन, कायमची जागा मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये सत्तरच्या दशकात आविष्कार या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकं केली तेव्हा तो काही बांधलेला थिएटर नव्हता, शाळेचाच हॉल होता, त्यामुळे जागा छोटी आहे म्हणून मन लहान करू नका.

आता कोटेशन. ते लग्नाच्या आणि ऑर्केस्ट्राच्या स्टेजचं आहे, नाटकाचं नाही. नाटकात पहिलं काम म्हणजे माणसाचं तोंड दिसणं, डोळे दिसणं. त्या कोटेशनमध्ये तोंडावर टाकायला एकही नीट लाइट नाही. मूव्हिंग हेड आणि लेझर आजच काढून टाका.

पण लाइटच्याही आधी वीज. तुमच्याकडे आहेत तेच दहा दिवे एकदम लावले तर १० किलोवॅट झाले, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ४३ अँपिअर, आणि वाचनालयाचं मीटर सिंगल फेज असेल तर ते हे झेपणारच नाही. थ्री फेज घ्या, स्टेज लाइटसाठी वेगळा डीबी (वीज वाटणारी पेटी) बसवा, प्रत्येक सर्किटला स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) आणि अर्थिंग नव्याने करून घ्या, जुन्या इमारतीच्या अर्थिंगवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, मोजून घ्या. साउंडला वेगळा फेज द्या. डिमरमधून जाणाऱ्या वायरी आणि माइकच्या वायरी शेजारून समांतर नेल्या की स्पीकरमधून गुंईं आवाज येतो आणि मग शोच्या दिवशी कारण सापडत नाही. जिथे एकमेकींना ओलांडायलाच लागतं तिथे काटकोनात ओलांडा.

माझं म्हणणं, पहिल्या वर्षी अर्धे पैसे वायरिंग, बार आणि सॉकेटवर गेले तरी जाऊ द्या. लाइट भाड्याने आणता येतात, वायरिंग भाड्याने मिळत नाही.

तिसरी_घंटा
काकांशी पूर्ण सहमत. मी प्रकाशयोजना करते, त्यामुळे बारच्या जागेबद्दल लिहिते, कारण ती एकदा चुकली की कितीही महागाचा लाइट आणला तरी उपयोग नाही.

नटाच्या चेहऱ्यावर समोरून प्रकाश साधारण ४५ अंशातून यावा असं शिकवतात. त्यापेक्षा उभा आला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, फार आडवा आला की चेहरा सपाट दिसतो आणि मागच्या फ्लॅटवर (नेपथ्याच्या खोट्या भिंतीवर) मोठ्या सावल्या नाचतात. आता तुमची मापं घेऊ. स्टेज अडीच फूट, त्यावर उभ्या माणसाचा चेहरा आणखी साडेपाच फूट, म्हणजे चेहरा जमिनीपासून ८ फुटांवर. बार १४ फुटांवर. फरक फक्त ६ फूट! त्यामुळे ४५ अंश हवे असतील तर बार नटापासून ६ फुटांवरच पाहिजे आणि तो नट दोन पावलं पुढे आला की दिवा त्याच्या डोक्यावर. अशा बुटक्या हॉलमध्ये ३०-३५ अंशांवर तडजोड करतात. म्हणजे नट स्टेजच्या कडेपासून ३ फूट आत उभा असेल तर बार कडेपासून प्रेक्षकांच्या बाजूला साडेपाच ते सात फूट. लोक काय करतात, सोयीचं म्हणून हॉलच्या मागच्या भिंतीला बार ठोकतात, मग सगळा प्रकाश आडवा जातो आणि नटांच्या सावल्या मागच्या पडद्यावर दिसतात. तसं अजिबात करू नका.

स्टेजच्या मागच्या अर्ध्या भागासाठी दुसरा बार स्टेजवरच, पहिल्या झालरीच्या मागे. आणि तिसरा अगदी मागे, बॅकलाइटसाठी. बॅकलाइट ही चैन नाहीये, छोट्या स्टेजवर नट फ्लॅटला चिकटल्यासारखा दिसतो तो बॅकलाइटने सुटा होतो.

दुसरी गोष्ट बीमच्या कोनाची. तुमच्या फ्रंट बारपासून नटापर्यंतचं तिरकं अंतर होतं ११ फुटांच्या आसपास. इथे २५ अंशांचा लाइट टाकला तर प्रकाशाचा गोल पडेल पावणेपाच फुटांचा, त्यात एक माणूस मावेल आणि एक पाऊल टाकलं की अंधारात जाईल. ३६ अंशांचा ७ फूट देतो. ५० अंशांचा १० फूट. म्हणून छोट्या थिएटरला रुंद कोनाचे लाइट लागतात, मोठ्या सभागृहात बघून आलेल्या लाइटचा मॉडेल नंबर लिहून आणायचा आणि तोच मागवायचा हे चालत नाही. तुमचे चार पार ६४ आहेत त्यात कुठला लॅम्प आहे ते बघा. सीपी ६० असेल तर तो अगदी अरुंद, फ्रंटला निरुपयोगी. सीपी ६२ पसरट आहे, तो चालेल. आणि पारचा प्रकाश लंबगोल पडतो, मागून लॅम्प फिरवून तो आडवा की उभा ते ठरवता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

रंगवेडी
वाचतेय. फार उपयोगी धागा.

झाडीपट्टीचा
आमच्या गडचिरोलीकडच्या वडसा भागात दिवाळीनंतर नाटकाचा सीझन सुरू झाला का रोज वेगळ्या गावात मंडप, रात्रभर नाटक, पहाटे सामान गाडीत. तुमचं कायमचं थिएटर आहे म्हणून तुम्हाला आमच्याएवढा त्रास नाही, पण दोन गोष्टी सांगून ठेवतो.

गरम हॅलोजन हलवू नका. शो संपल्या संपल्या पोरं घाईने दिवे उतरवतात, फिलामेंट तेव्हा लाल नसलं तरी नरम असते, एक धक्का बसला का तुटते. दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या मग हात लावा.

दुसरं म्हणजे न्यूट्रल. जनरेटर लावला किंवा थ्री फेजचं कनेक्शन नवीन केलं आणि न्यूट्रल कुठे सैल राहिली, तर एका फेजवर २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत जाऊ शकते. हॅलोजन भपकन उडते, एलईडीचे ड्रायव्हर (आतलं वीज पुरवणारं सर्किट) तर लाइनीने जळतात. म्हणून काहीही प्लग लावायच्या आधी मल्टिमीटरने प्रत्येक सॉकेट मोजायचं, मगच दिवा लावायचा. आमच्याकडे हे काम झाल्याशिवाय कोणी स्विचला हात लावत नाही.

विंगेतला
सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरी_घंटा ताई, आम्ही खरंच मागच्या भिंतीला बार लावायचा विचार करत होतो, बरं झालं विचारलं. आता मुख्य प्रश्न, हॅलोजन ठेवू की एलईडी घेऊ? आमच्यातले जुने लोक म्हणतात एलईडीत नाटक होत नाही, पोरं म्हणतात हॅलोजन आता कोण वापरतं.

पिवळा_उजेड
हॅलोजनच्या बाजूने बोलणारा मी एकटाच असेन तरी बोलतो. हॅलोजन कमी करत नेला की नुसता मंद होत नाही, तांबूस होत जातो. संध्याकाळ, कंदिलाचा उजेड, देवघर, ही सगळी दृश्यं या तांबूस उतरण्यावर उभी असतात, आणि प्रेक्षकाला ते कळत नाही पण जाणवतं. एलईडी कमी केला की तोच रंग ठेवून नुसता मंद होतो, आणि स्वस्तातला असेल तर शेवटी खटकन विझतो. ब्लॅकआउटच्या आधीचे ते तीन सेकंद, एखाद्या शोकाच्या प्रसंगाचा शेवट, तिथे खटकन विझला की संपलं सगळं. तुमचे सहा पीसी स्पॉट भंगारात देऊ नका ही विनंती.

तिसरी_घंटा
पिवळा_उजेड, तांबूस उतरण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्यांचा विजेचा आणि उकाड्याचा हिशोबही बघायला हवा. बुटका हॉल, एप्रिल-मेमधलं बालनाट्य, डोक्यावर सहा फुटांवर हजार वॉटचे दहा दिवे, पोरं मेकअपमध्ये घामाने निथळतात. २०० वॉटचे दहा वॉर्म व्हाइट एलईडी लावले तर एकूण २ किलोवॅट, म्हणजे ९ अँपिअरच्या आत-बाहेर. शिवाय हॅलोजनचे लॅम्प मिळणं वर्षागणिक कमी होत चाललंय, तालुक्याच्या गावात तर मुंबई-पुण्याहूनच मागवावे लागतील.

माझा सल्ला असा. समोरचा रोजचा प्रकाश एलईडीवर न्या: तीन भाग करा, डावा, मधला, उजवा, प्रत्येक भागावर दोन बाजूंनी एक एक, असे सहा फ्रेनेल (मऊ कडांचा प्रकाश देणारे), ३००० ते ३२०० केल्विन (पिवळसर पांढरा), सीआरआय (रंग खरे दिसण्याचं माप) ९० च्या वर. पैसे उरले तर बॅकलाइटला आणि सायकला (मागच्या आकाशाच्या पडद्याला) चार आरजीबीडब्ल्यू (आरजीबीत पांढरा जोडलेले) पार. आणि तुमचे पीसी नीट दुरुस्त करून स्पेशल म्हणून ठेवा, खिडकीतून येणारं ऊन, कंदील, एकट्या नटावरचा दिवा. एका वेळी दोन-तीनच लागतील, वीजही झेपेल.

डिमरकाका
आणि कृपा करून हे ठळक लिहून भिंतीला लावा: एलईडी लाइट डिमरच्या सॉकेटला लावायचा नाही. डिमर फुल ठेवला तरी नाही. डिमर विजेच्या लाटेचा तुकडा कापून देतो, त्याने एलईडीचा ड्रायव्हर आज नाहीतर उद्या जातो. एलईडीला सरळ मेन्स आणि वेगळी डीएमएक्स (लाइटला हुकूम पोचवणारी) केबल. डिमरची सॉकेट आणि सरळ सॉकेट वेगवेगळ्या रंगांची करा, आयत्या वेळी अंधारात मदतीला आलेल्या पोराला कळलं पाहिजे.

बाल्कनीतून
एक शंका. दुकानातले आरजीबी पारही पांढरा प्रकाश देतात की, तिन्ही रंग फुल केले की पांढरा. मग वॉर्म व्हाइट वेगळा कशाला? पैसे वाचतील.

तिसरी_घंटा
चांगला प्रश्न आहे. आरजीबीचा पांढरा भिंतीवर पांढरा दिसतो, माणसावर नाही. त्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन अरुंद पट्टे असतात, मधला पिवळा-नारिंगी भाग जवळजवळ रिकामा. आणि आपल्या कातडीचा जिवंतपणा नेमका त्याच भागात असतो.

दुकानात जाल तेव्हा अशी परीक्षा घ्या. सोबत हळदी रंगाचं एक लुगडं न्या, एक कुंकवासारखं लाल, एक मोतिया रंगाचा झब्बा आणि वेगवेगळ्या वर्णाची दोन माणसं. दुकानदाराला सांगा बाकीचे सगळे दिवे बंद करा. मग आधी आरजीबीच्या पांढऱ्यात आणि नंतर चांगल्या वॉर्म व्हाइटमध्ये तेच कापड, तीच माणसं बघा. आरजीबीमध्ये लाल अंगावर येईल, हळदी बिघडेल आणि चेहरा एकतर गुलाबीसर नाहीतर राखेरी होईल. एकदा बघितलं की पुन्हा विचारायची गरज पडत नाही. त्यानंतर फेडर (उजेडाची सरकती कळ) १० टक्क्यांवरून शून्यावर हळूहळू आणा, मनात दहा आकडे मोजत. पायऱ्या पायऱ्यांनी उतरला की बाद. आठ बिटांच्या कंट्रोलला शून्यापासून पूर्ण प्रकाशापर्यंत २५६ च पायऱ्या असतात आणि खालच्या टोकाला त्या डोळ्याला दिसतात, चांगले लाइट आतल्या आत त्या गुळगुळीत करून घेतात किंवा सोळा बिटांवर चालतात. मग मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करा, पट्टे किंवा लुकलुक दिसली तर तुमच्या प्रयोगाच्या चित्रीकरणातही दिसणार. आणि शेवटी दुकानातले पंखे, एसी बंद करायला लावून लाइट पूर्ण पेटता ठेवून पंधरा मिनिटं खाली शांत बसा. काही एलईडींच्या आतला पंखा गरम झाल्यावर इतका घोंघावतो की सव्वाशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये हळू बोललेलं वाक्य मागच्या रांगेला पोचत नाही. एवढ्या छोट्या जागेला पंखा नसलेला किंवा अगदी मुका पंखा असलेलाच लाइट घ्या.

नाटकवाला_इंजिनीअर
डीएमएक्सबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ही पद्धत १९८६ साली अमेरिकेत थिएटरवाल्यांनीच ठरवली, एका लाइनवर ५१२ चॅनेल. तुमच्या आकाराला एक लाइन वर्षानुवर्षं पुरेल. चुका होतात त्या केबलमध्ये. माइकची केबल आणि डीएमएक्सची केबल दिसायला सारखीच, तीन पिनची असेल तर बसतेही, पण आतली तार वेगळी असते, डीएमएक्सला १२० ओहमची डेटा केबल लागते. माइकच्या केबलवर चार दिवस चालेल आणि नेमकं प्रयोगात एखादा लाइट आपोआप लुकलुकायला लागेल. एका लाइटमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळी करायची, मधूनच वाय जोडून दोन फाटे काढायचे नाहीत, फाटे हवेच असतील तर स्प्लिटर घ्या. साखळीच्या शेवटच्या लाइटला टर्मिनेटर लावायचा, तो म्हणजे प्लगमध्ये दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर, दहा-वीस रुपयांचं सामान. एका साखळीत ३२ पेक्षा जास्त लाइट नकोत, तुमचे तेवढे होणारही नाहीत.

कन्सोलवर (लाइट चालवायच्या पेटीवर) सध्या पैसे घालू नका. क्यूएलसी प्लस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं, एक यूएसबी-डीएमएक्स इंटरफेस घ्या, त्यातही इलेक्ट्रिकली आयसोलेटेड असलेला घ्या, म्हणजे वर काही शॉर्ट झालं तरी लॅपटॉप वाचतो. नटाच्या श्वासाबरोबर लाइट करायचे तर बोटाखाली खरे फेडर हवेत, त्यासाठी छोटा मिडी फेडर बॉक्स जोडता येतो. आणि लॅपटॉपला बॅटरी असली तरी इंटरफेस, डिमर आणि फेडर बॉक्स यूपीएसवर कसे राहतील ते बघा, वीज एक सेकंद गेली तरी काही डिमर पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतात.

झाडीपट्टीचा
डिमरचा पॉवर इनपुट यूपीएसवर नाही घेता येणार भाऊ, लोड बघा. फक्त त्याचं कंट्रोल कार्ड वेगळ्या सप्लायवर असेल तर.

नाटकवाला_इंजिनीअर
बरोबर, मला कंट्रोलच म्हणायचं होतं. लोड मेन्सवरच राहणार.

मडगावकर
देव बरें करूं. कोकण आणि गोवा, आपली दोघांचीही खारी हवा, म्हणून देखभालीचं मी लिहितो. आमच्याकडे जत्रेतली नाटकं देवळासमोर उघड्यावर होतात आणि एरवी हॉलमध्ये, दोन्हीकडचा हा अनुभव.

पावसाळा संपला की हॅलोजनच्या दिव्यांत ओल बसलेली असते. होल्डरच्या सिरॅमिकमध्ये, वायरीच्या स्लीव्हमध्ये. तशीच दिली पूर्ण वीज की आरसीसीबी पडतो आणि मग लोक काय करतात, आरसीसीबीच काढून टाकतात! असं कधीही करू नका, तो माणसाच्या जिवासाठी आहे. आधी दिवे उघडून उन्हात किंवा कोरड्या खोलीत पंख्याखाली दोन दिवस ठेवा, अर्थला किती लीकेज जातंय ते इलेक्ट्रिशियनकडून मेगरने (वायरीचं इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासून घ्या, आणि मग डिमरवर अगदी कमी, १०-१५ टक्क्यांवर अर्धा तास चालवून आतली उरलेली ओल काढा.

पावसाळ्यात शो नसले तरी महिन्यातून एकदा सगळे लाइट तासभर लावायचे. एलईडीलासुद्धा हे लागू, बंद पडून राहिलेल्या एलईडीच्या कार्डावर हिरवा गंज चढतो आणि लेन्सच्या आतून बुरशी येते. जे उतरवून ठेवता येतात ते झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

आणि पारचा डबा चालू करण्याआधी आत टॉर्च मारून बघायचं. कुंभारीण माशी मातीचं घर करते आत, अगदी लॅम्पच्या मागे वायरीला चिकटून. ते तसंच तापलं की जळका वास अख्ख्या हॉलभर पसरतो आणि प्रेक्षक आग लागली म्हणून उठतात. उंदरांचंही तेच, वायरीचं वरचं आवरण कुरतडतात, म्हणून बारवरच्या वायरी हाताने चाचपून बघायच्या, मेन बंद करून.

बोल्टांबद्दल: ॲल्युमिनियमच्या योकमध्ये (दिवा टांगायच्या पट्टीत) लोखंडी बोल्ट खाऱ्या हवेत असा जाम होतो की कापावा लागतो. स्टेनलेसचे घ्या आणि बसवताना अँटिसीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. पण लाइटच्या आतल्या सरकत्या भागांना, लेन्सच्या रेलला, शटरला तेल-ग्रीस लावू नका, गरम झालं की धूर येतो आणि तो लेन्सवर बसतो. ग्राफाइटची पूड चोळा.

रंगवेडी
लेन्स कशाने पुसायच्या? आमच्याकडे स्पिरिट वापरतात.

डिमरकाका
ताई, पीसी आणि फ्रेनेलची काचेची लेन्स काढून कोमट पाण्यात थोडं भांड्याचं लिक्विड घालून धुवा, मऊ कापडाने कोरडी करा, पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. फार मळली नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. एलईडीची लेन्स बऱ्याचदा प्लास्टिकची असते, तिच्यावर थिनर-बिनर अजिबात नको, ती दुधाळ होते. रिफ्लेक्टरला शक्यतो फक्त कोरडा मऊ ब्रश. धूळ साचलेल्या दिव्याचा उजेड खूप कमी होतो आणि लोकांना वाटतं लॅम्प म्हातारा झाला. धुराचं मशीन वापरत असाल तर जास्त वेळा पुसावं लागेल, त्याचा चिकट थर बसतो.

एलईडीच्या पंख्यातली धूळ ब्लोअरने काढताना पंखा बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, जोरात फिरला की त्याचं बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात पाणी आणि तेल असतं.

आता तुमचे सहा जुने पीसी. लॅम्प बदलताना काचेला उघडं बोट लागता कामा नये, बोटाचं तेल आणि मीठ क्वार्ट्झवर राहिलं की तिथे ते जास्त तापतं, काच पांढरी पडते, फुगते. लॅम्पसोबत येणाऱ्या फोमने किंवा स्वच्छ कापडाने धरा, लागलंच बोट तर अल्कोहोलने पुसून मग लावा. आणि लॅम्प गेला की नवा लावायच्या आधी होल्डर बघा. जुन्या लॅम्पच्या पिना काळ्या किंवा खड्डे पडलेल्या दिसल्या तर होल्डरची स्प्रिंग गेलेली आहे, ठिणगी पडतेय. त्या होल्डरमध्ये नवा लॅम्प घातला तर तोही लवकरच जाणार, आणि त्याच्या पुढचा लॅम्पही. गावोगावी दिवे सारखे उडतात त्याचं हे मोठं कारण, आणि लोक लॅम्पच्या कंपनीला बोल लावत बसतात. होल्डर आणि लॅम्प एकदम बदला.

आतली वायर सिलिकॉन किंवा फायबरग्लासची, साधी पीव्हीसी वायर आत घातली तर वितळते. फार जुने दिवे असतील आणि वायरीवर करडं-पांढरं कापडी आवरण असेल तर जपून, त्या काळात ॲस्बेस्टॉस वापरायचे. ते कापू नका, घासू नका, फुंकर मारू नका, माहीतगार माणसाकडून बदलून घ्या.

व्होल्टेजचं शेवटचं. तुमच्याकडे रात्री उशिरा व्होल्टेज अडीचशेच्या आसपास जात असेल तर डिमरची वरची मर्यादा ९५ टक्क्यांना बांधून टाका. व्होल्टेज पाच टक्के वाढलं तर हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, पाच टक्के कमी केलं तर जवळपास दुप्पट. उजेडातला फरक प्रेक्षकाला कळणारही नाही.

पिवळा_उजेड
काकांचा हा प्रतिसाद छापून डीबीच्या दारावर चिकटवायला हवा. जेलबद्दल (दिव्यापुढे लावायच्या रंगीत फिल्मबद्दल) भर घालतो: पीसीला समोर लावायला ली कंपनीचे १०३ किंवा १५२ नंबर घेऊन ठेवा, चेहऱ्याला ऊब येते. रात्रीसाठी फिकट निळ्यात ली ११७ आणि २०१. गडद निळे सगळ्यात आधी जळतात कारण तेच जास्त उष्णता शोषतात, फ्रेम लेन्सपासून थोडी पुढे राहील असं बघा. आणि बारीक सारीक गोष्टींनी केवढं मोठं काम होतं हे प्रकाशयोजनाकार तापस सेन यांच्याकडून शिकावं, कोलकात्याच्या रंगमंचावर कोळशाच्या खाणीत पाणी चढत जाण्याचा प्रसंग त्यांनी १९५९ साली प्रकाशातून उभा केला होता, तेव्हा कुठे होते मूव्हिंग हेड!

न्यूजर्सीकर
इथे आम्ही मराठी मंडळाची नाटकं शाळेच्या सभागृहात करतो. तिथे एक चांगली पद्धत आहे: लाइट कायम एकाच आराखड्यात टांगलेले असतात, कागदावर छापलेला नकाशा मिळतो, आणि येणाऱ्या प्रत्येक संस्थेला त्यातलेच वापरायचे, फक्त चार-पाच स्पेशल स्वतःच्या मर्जीने लावायचे. तुम्हीही तसं करा, हॉल दुसऱ्या संस्थांना भाड्याने दिला की दर वेळी लाइट काढा-घाला होणार नाही, त्याच काढा-घालीत सामान सगळ्यात जास्त तुटतं. आणि कोणी अमेरिकेतून जुने लाइट भेट देतो म्हणाला तर हॅलोजनचे लॅम्प इथले १२० व्होल्टचे असतात हे लक्षात ठेवा, तिकडे लावले की फुटतील. एलईडीच्या पाटीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर चालतात.

तिसरी_घंटा
+१, कायमचा आराखडा हवाच. आणि एक वही. कुठल्या दिव्याचा लॅम्प कधी बदलला, होल्डर कधी बदलला, कुठला एलईडी लुकलुकतो, सगळं तारखेसह. प्रत्येक दिव्यावर रंगाने नंबर. हे काम एकाच माणसाकडे द्या, त्याला ‘लाइट बघणारा’ म्हणून श्रेयनामावलीत नाव द्या आणि नाटकाच्या तालमीला पहिल्यापासून बसवा. नटांच्या हालचाली कुठे होतात हे ज्याला माहीत आहे त्याला लाइट कुठे हवा ते आपोआप कळतं. आपल्याकडे लाइटवाल्याला आदल्या रात्री बोलावतात, मग तो तरी काय करणार.

विंगेतला
काय बोलू, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. कोटेशन परत केलं. थ्री फेजचा अर्ज द्यायचा ठरलाय, अर्थिंग आधी मोजून घेतोय. पुढच्या आठवड्यात हळदी लुगडं घेऊन कोल्हापूरला जातोय लाइट बघायला, आमच्या दोन नट्याही येणार आहेत. लाइटवर कोण बसणार तेही ठरलं, बारावीतली एक मुलगी आहे, तालमीला रोज येते आणि सगळ्या हालचाली तिला पाठ आहेत. आता बार. गावातला फॅब्रिकेटर विचारतोय पाइप कुठला घेऊ, चौकोनी चालेल का?

डिमरकाका
चौकोनी नको, क्लॅम्प धरत नाही आणि दिवा फिरवता येत नाही. दीड इंची गोल बी क्लास पाइप घ्या, बाहेरून साधारण ४८ मिलिमीटर भरतो, बाजारातले बहुतेक हुक क्लॅम्प त्यालाच बसतात. कापायच्या आधी एक क्लॅम्प हातात घेऊन बसवून बघा. खारी हवा आहे तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) घ्या. स्लॅबला अँकर फास्टनर दर ५-६ फुटांवर, नुसत्या स्क्रूवर नाही, आणि जुन्या स्लॅबचं वजन सोसणं इंजिनीअरकडून बघून घ्या. प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी सेफ्टी चेन, दिव्याच्या योकमधून घेऊन पाइपभोवती, ढिली सोडायची नाही. हॅलोजन झालरीपासून किमान मीटरभर लांब. वर चढायला घोडा लागेल, तो ॲल्युमिनियमचा नको, फायबरचा घ्या आणि खाली एक माणूस धरायला उभा असल्याशिवाय त्या मुलीला वर पाठवू नका.

विंगेतला
फॅब्रिकेटरला हाच प्रतिसाद दाखवतो काका. पाइप बसला की फोटो टाकतो.